अठरापैकी पंधरा

(१९५४. भालकीजवळचं एक गाव. बसवण्णाच्या देवळाच्या ओसरीवर बायकांचा साक्षरता वर्ग. सुशीलाबाई मास्तरीण तीन आठवड्यांच्या रजेवरून आज परतल्या आहेत आणि हजेरी घेत आहेत.)

सुशीलाबाई : चन्नव्वा... चन्नव्वा जगदेवप्पा. आली नाही का?

ईरम्मा : बाई, ते नाव राहू दे. म्होरलं वाचा.

सुशीलाबाई : का राहू दे? गैरहजर असेल तर गैरहजर लिहिते.

ईरम्मा : गैरहजर न्हाई बाई. ती गेली.

सुशीलाबाई : माहेरी?

ईरम्मा : न्हाई.

जगदेवप्पा : बाई, मी सांगतो. मी तिचा मालक. बाहीर उभा हुतो, हजेरी हुईस्तोवर थांबावं म्हणून. दोन आठवडे झाले, रविवारी गेली. आमच्याच शेतात माती दिली.

सुशीलाबाई : मला कुणी कळवलं नाही.

जगदेवप्पा : तुमी उदगीरला हुता. कोण कळवणार?

सुशीलाबाई : काय झालं होतं?

जगदेवप्पा : पोटात गाठ हुती. त्याच्यासाठीच आलोय बाई. तुमच्याशी बोलायचंय.

सुशीलाबाई : बायांनो, आज वर्ग नाही. जा तुम्ही घरी. ईरम्मा, पाट्या गोळा कर आणि तू पण जा.

ईरम्मा : मी बसते बाई. ती माझ्या बाजूला बसायची, आमी दोघी कन्नडकडच्या. पाट्या पुसत बसते, मला काय ऐकू येत न्हाई समजा.

जगदेवप्पा : बसू द्या तिला. सगळ्या गावाला ठाऊकच हाय.

सुशीलाबाई : बोला.

जगदेवप्पा : चन्नव्वा म्हणायची, बाईकडं एक वही हाय, तिच्यात मला किती मराठी येतंय ते लिवलंय. खरं हाय का?

सुशीलाबाई : खरं आहे. कन्नडकडून आलेल्या सुना पाचजणी आहेत वर्गात. त्यांची वही वेगळी ठेवते.

जगदेवप्पा : कामून वेगळी?

सुशीलाबाई : इकडच्या बायांना शब्द येतो, अक्षर येत नाही. यांना कधी शब्दच येत नसतो, आणि त्या मान हलवतात. धडा संपला की कळतं, निम्मं डोक्यावरून गेलं. म्हणून मोजायला लागले. एकेक शब्द विचारायचा. ऐकलाय का, अर्थ सांगता येतो का, वाक्यात घालता येतो का. तीन रकाने.

जगदेवप्पा : ती वही मला बगायची हाय. म्हंजी तुमी बगून सांगा. मला वाचाया येत न्हाई.

सुशीलाबाई : आता बघून काय करणार?

जगदेवप्पा : उद्या सकाळच्या मोटारीनं चित्तापूरला जायलोय. तिच्या आईकडं. मातीला तिचा भाऊ शिवशंकरप्पा आला हुता. आई म्हातारी, तिला आणलं न्हाई. आता तिनं निरोप धाडलाय. म्हणतीया, जावयानं स्वता यावं आन् सांगावं, माझ्या लेकीनं ऑपरेशनला नको म्हणलं का जावयानं.

सुशीलाबाई : मग? कुणी म्हटलं?

जगदेवप्पा : तेच मला ठाऊक न्हाई.

सुशीलाबाई : तुम्हाला ठाऊक नाही?

जगदेवप्पा : डाक्टर मुसलमान. त्यानं मला उर्दूत सांगितलं. मी घरी येऊन तिला मराठीत सांगितलं. तिनं व्हय म्हणलं. पर तिला कळून व्हय म्हणलं का न कळता, ते तुमच्या वहीत असंल. कळलं असंल तर आईला सांगतो, तिची मर्जी हुती. न्हाई कळलं तर माझ्यावर आलं. दोन्हीपैकी एक काय ते सांगा.

सुशीलाबाई : वहीत शब्द असतात, जगदेवप्पा. माणसाला काय कळलं ते नसतं.

जगदेवप्पा : शब्द तर शब्द. शब्दच बोललो मी तिच्याशी.

सुशीलाबाई : नेमके कोणते बोललात? जसे बोललात तसेच सांगा. सुधारून नको.

जगदेवप्पा : ती चुलीपाशी बसली हुती. म्हणलो, डाक्टर म्हणतोय पोटात गाठ हाय. कापून काढावी लागंल, हैदराबादला. भूल देतील. जोखीम हाय. निम्मी माणसं उठतात, निम्मी उठत न्हाईत. न्हाई काढली तर दोन-तीन महिने. जायचं का?

सुशीलाबाई : काय म्हणाली?

जगदेवप्पा : व्हय म्हणली.

सुशीलाबाई : म्हणजे जायला तयार होती.

जगदेवप्पा : थांबा. मी परत म्हणलो, का राहू दे? घरीच औषध करू? तरी बी व्हय म्हणली.

सुशीलाबाई : दोन्हीला?

जगदेवप्पा : दोन्हीला. मी दुसरं व्हय धरलं.

सुशीलाबाई : पहिलं का धरलं नाही?

जगदेवप्पा : मला दुसरंच पायजे हुतं. हैदराबादला नेऊन तिथंच गेली तर? हितं डोळ्यासमोर तर राहील म्हणलं. दोन-तीन महिने म्हणला हुता डाक्टर. दहा दिवसांत गेली.

ईरम्मा : शिव शिव.

सुशीलाबाई : ईरम्मा, तुला ऐकू येत नव्हतं ना?

ईरम्मा : आता आलं.

सुशीलाबाई : हे बघा, बारीकसारीक सोडून तुमचे शब्द मी लिहून घेतले. डॉक्टर, पोट, गाठ, कापणे, काढणे, भूल, देणे, जोखीम, निम्मा, माणूस, उठणे, दोन, तीन, महिना, जाणे, राहणे, घर, औषध. अठरा झाले. आता वही.

जगदेवप्पा : बगा.

सुशीलाबाई : डॉक्टर, तिन्ही रकाने भरलेत. पोट, तिन्ही. गाठ, तिन्ही, "अंगाला गाठ आली" असं वाक्य केलंय. कापणे, काढणे, आहेत. भूल... भूल मी विचारलाच नाही. यादीत नव्हता. देणे आहे. निम्मा, ऐकलाय म्हणाली, अर्थ सांगता आला नाही. जोखीम...

जगदेवप्पा : काय?

सुशीलाबाई : नाही. ऐकलेला पण नाही. बाकी सगळे येत होते.

जगदेवप्पा : किती झाले?

सुशीलाबाई : अठरापैकी पंधरा.

जगदेवप्पा : मग कळलं की! अठरात पंधरा म्हंजी लई झाले. शाळंत पास करत असतील एवढ्यावर.

सुशीलाबाई : धड्यात असते तर मी पण पुढं जाऊ दिलं असतं.

जगदेवप्पा : झालं तर मग. आईला सांगतो, अठरातले पंधरा शब्द तिला येत हुते, बाईची वही हाय.

सुशीलाबाई : जगदेवप्पा, राहिलेले तीन कोणते ते ऐकलंत ना? भूल, जोखीम, निम्मा. ते काढून तुमचं बोलणं परत म्हणून बघा.

जगदेवप्पा : डाक्टर म्हणतोय पोटात गाठ हाय. कापून काढावी लागंल. हैदराबादला. माणसं उठतात... माणसं उठत न्हाईत... दोन-तीन महिने. जायचं का?

ईरम्मा : मी बी व्हय म्हणली असती अण्णा. हैदराबाद बगाया कोण न्हाई म्हणल?

जगदेवप्पा : तू गप ग.

ईरम्मा : गपच हाय. सात वर्सं तुमच्या घरात ती बी गपच हुती.

जगदेवप्पा : गप कामून? थोरली वहिनी तिच्याच गावची. दोघी दिवसभर कन्नडात बोलायच्या, घर डोक्यावर घ्यायच्या.

ईरम्मा : त्या दोघी. तुमच्याशी कोण बोललं?

जगदेवप्पा : माझा भाऊ वेगळा झाला, वहिनी त्याच्यासंगं गेली, तवापासून तिला बोलाया मीच हुतो. म्हणून तर तिला हितं धाडलं. मीच धाडलं, बाई. शेजारी हसत हुते, तेलीणबाई शाळंला जायली म्हणून.

सुशीलाबाई : मला माहीत आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच दारापर्यंत सोडायला आला होतात.

जगदेवप्पा : बाई, एक सांगा. न कळता माणूस व्हय कामून म्हणतंय?

सुशीलाबाई : मी ते पण मोजलंय.

जगदेवप्पा : कसं?

सुशीलाबाई : शब्दांत दहा खोटे शब्द घालते. मी बनवलेले. मेंदवणी, लाखसूर, असले. कुणालाच ठाऊक नसतात, कारण ते नाहीतच. त्यांना कोण हो म्हणतं ते बघायचं. आषाढात पहिल्यांदा विचारलं तेव्हा चन्नव्वा दहातल्या नऊ खोट्या शब्दांना व्हय म्हणाली.

ईरम्मा : मी दहाच्या दहा! बाईनं सांगितलं तवा आमी लई हसलाव.

सुशीलाबाई : मी तिला विचारलं, जो शब्दच नाही तो तू ऐकलास कुठं? तर म्हणाली, बाई विचारायलेत म्हणजे असंल. न्हाई म्हणलं तर बाईला वाईट वाटंल.

जगदेवप्पा : म्हंजी माझ्याशी बी तसंच.

सुशीलाबाई : थांबा, पुरतं ऐका. पौषात परत विचारलं. दहा नवे खोटे शब्द. एकाला व्हय म्हणाली. नऊंना स्वच्छ न्हाई. खऱ्या शब्दांनाही येत नसेल तर न्हाई म्हणायला लागली होती. मी शेरा लिहिलाय, प्रगती चांगली.

जगदेवप्पा : मी विचारलं ते माघात. म्हंजी तवर तिला न्हाई म्हणाया येत हुतं.

सुशीलाबाई : माझ्यासमोर येत होतं.

जगदेवप्पा : आन् माझ्यासमोर?

सुशीलाबाई : ते या वहीत नाही. तुमच्या घरात मी मोजलेलं नाही.

जगदेवप्पा : मग ह्या वहीचा उपेग काय?

सुशीलाबाई : धडा कोणता द्यायचा ते ठरवायला. तेवढ्यासाठीच ठेवली होती.

ईरम्मा : बाई, एक सांगू? रागं भरू नका. जोखीम तिनं मला विचारला हुता.

सुशीलाबाई : कधी?

ईरम्मा : तुमी गावाला जायच्या आधी. आडावर. म्हणली, ईरम्मा, जोखीम म्हंजी काय ग? मला बी येत न्हाई. मी म्हणले, जोखून बगायचं असंल, तागडीत. तर म्हणली, न्हाई, मालकाचं तोंड तसलं नव्हतं. मग मी म्हणले, सोमवारी बाईला विचार.

जगदेवप्पा : सोमवारी कामून?

सुशीलाबाई : सोमवारी प्रत्येकीनं घरी ऐकलेला, न कळलेला एक शब्द आणायचा, असा नियम आहे. मी अर्थ सांगते, त्या वाक्य करतात. ती यादी मागच्या पानांवर असते. मी मंगळवारी निघाले, म्हणजे त्याच्या आदला सोमवार... हे बघा. ईरम्मा, दुरडी. चन्नव्वा, जोखीम.

जगदेवप्पा : आणला हुता तिनं?

सुशीलाबाई : आणला होता. माझंच अक्षर आहे. मला आठवत नाही. त्या दिवशी निघायची घाई होती.

जगदेवप्पा : मी गुरुवारी बोललो तिच्याशी. सोमवारी तिनं हितं विचारलं. तुमी काय सांगितलं?

सुशीलाबाई : लिहिलंय. "जे केल्यानं वाईट होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो, तरी करायचं ते."

जगदेवप्पा : असंच सांगितलं?

सुशीलाबाई : अर्थाच्या रकान्यात खूण आहे. म्हणजे तिनं परत सांगून दाखवलं. कळल्याशिवाय मी खूण करत नाही.

जगदेवप्पा : मग सोमवारपासून रविवारपर्यंत तिला ठाऊक हुतं. सहा दिवस. आन् मला काई म्हणली न्हाई. कामून म्हणली नसंल?

सुशीलाबाई : ते मला सांगता येणार नाही.

जगदेवप्पा : वाक्य काय केलं तिनं? वाक्य करतात म्हणालाव न्हवं.

सुशीलाबाई : वाक्याचा रकाना मोकळा आहे.

ईरम्मा : बाई उटल्या हुत्या. गावाहून आल्यावर करू म्हणाल्या.

सुशीलाबाई : म्हटलं असेन.

जगदेवप्पा : म्हंजी आईला काय सांगू?

ईरम्मा : अण्णा, आदी हे सांगा, सांगणार कसं? अम्माला मराठी येत न्हाई. तुमाला कन्नड येतंय का?

जगदेवप्पा : समजतंय की. बाजारात तेल इकतो मी. हुमनाबादचे, चिटगुप्प्याचे गिऱ्हाईक येतात.

ईरम्मा : समजतंय? बाई, घेऊ का परीक्षा? तुमच्यासारकी?

सुशीलाबाई : ही काय वेळ आहे, ईरम्मा?

जगदेवप्पा : घेऊ द्या. तिची तुमी घेतलाव, माझी कुणी घेतली न्हाई. इचार.

ईरम्मा : नीरु.

जगदेवप्पा : पाणी. लेकराला बी येतंय.

ईरम्मा : जोळ.

जगदेवप्पा : जवारी.

ईरम्मा : मनी.

जगदेवप्पा : घर.

ईरम्मा : कुळमिट्टी.

जगदेवप्पा : कुळमिट्टी... व्हय, ऐकलाय. शेतातलं कायतरी असतंय.

ईरम्मा : कुटं ऐकलाव?

जगदेवप्पा : बाजारात ऐकला असंल. ऐकलाय.

ईरम्मा : असला शब्दच न्हाई अण्णा. मी आता बनवला.

जगदेवप्पा : ...बनवला?

सुशीलाबाई : पुरे, ईरम्मा.

जगदेवप्पा : न्हाई, चालू दे. म्होरं इचार. आता खरं सांगतो.

ईरम्मा : ब्यानी.

जगदेवप्पा : दुखणं. हे पक्कं ठाऊक हाय. रोज म्हणायची, ब्यानी, ब्यानी.

ईरम्मा : अंजिकी.

जगदेवप्पा : हे बी म्हणायची. शेवटच्या दिवसांत लई. मी जवळ जाऊन बसलो की माझा हात धरायची आन् म्हणायची.

सुशीलाबाई : अर्थ काय त्याचा?

जगदेवप्पा : दुखणंच. ब्यानी काय, अंजिकी काय, एकच.

सुशीलाबाई : तुम्ही काय म्हणायचात तिला?

जगदेवप्पा : व्हय म्हणायचो. व्हय, व्हय, आणतो म्हणायचो. घाण्यावरचं ताजं तेल कोमट करून आणायचो आन् पोटाला लावायचो. ती लावून घ्यायची.

सुशीलाबाई : ईरम्मा, बरोबर आहे का?

ईरम्मा : न्हाई बाई. अंजिकी म्हंजी भ्या. भ्या वाटायलंय, असं म्हणायची ती.

जगदेवप्पा : दुखणं न्हाई?

ईरम्मा : दुखणं ब्यानी. हे भ्या.

जगदेवप्पा : मी तेल लावत हुतो.

सुशीलाबाई : पाणी देऊ का?

जगदेवप्पा : नको... सोमवारच्या आधी म्हणत नव्हती ती हे. आधी नुसतं ब्यानी. नंतर हे बी म्हणाया लागली.

सुशीलाबाई : तुम्हाला नक्की आठवतंय?

जगदेवप्पा : आठवतंय. मंगळवारी घाण्याचा बैल लंगडत हुता म्हणून मी घरीच हुतो. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणली. मी म्हणलो, हे काय नवीन. तेल जास्ती आणलं.

ईरम्मा : अण्णा, तुमाला काय ठाऊक. तिनं मराठीत म्हणायचं हुतं.

जगदेवप्पा : भीती हा शब्द येत हुता का तिला? वहीत बगा बाई.

सुशीलाबाई : ...येत होता. तिन्ही रकाने.

जगदेवप्पा : मग मराठीत कामून न्हाई म्हणली?

ईरम्मा : असलं कुणी बाहीरच्या बोलीत म्हणतंय का? मला ताप भरला की मी माझ्या आईच्याच बोलीत वरडते. मालक म्हणतोय, काय गं बडबडायलीस.

सुशीलाबाई : जगदेवप्पा, उद्या जाऊच नका. चार दिवसांनी जा.

जगदेवप्पा : न्हाई. म्हातारी वाट बगायली. जातो. पर तिची मर्जी हुती, असं आता सांगता येत न्हाई मला.

सुशीलाबाई : आणि तुमची मर्जी होती, असं?

जगदेवप्पा : ते बी पुरतं खरं न्हाई. मी विचारलं तर हुतं. एकदा विचारलं. तिनं दोन्हीला व्हय म्हणलं तवाच परत विचाराया पायजे हुतं. त्या दिवशी न्हाई तर दुसऱ्या दिवशी. सहा दिवस तिला सगळं ठाऊक हुतं, त्यात एकदा जरी विचारलं असतं. न्हाई विचारलं. एवढंच खरं हाय. हेच सांगतो आईला.

ईरम्मा : शिवशंकरप्पा हाय की, तो कन्नडात सांगंल. तुमी मराठीत बोला.

जगदेवप्पा : नको. त्यानं सांगितलं तर तो गोड करून सांगंल. मीच बोलणार. तू मला शिकव. दोनच वाक्यं. मी एकदा विचारलं. परत विचारलं न्हाई.

ईरम्मा : आता?

जगदेवप्पा : आता. उद्या मोटारीत कोण शिकवंल?

ईरम्मा : म्हणा मग. ना वंद सल केळीनी.

जगदेवप्पा : ना वंद सल... काय?

ईरम्मा : केळीनी. विचारलो म्हंजी.

जगदेवप्पा : ना वंद सल केळीनी.

ईरम्मा : बरं झालं. म्होरलं. मत्त केळलिल्ला. परत विचारलो न्हाई.

जगदेवप्पा : मत्त...

ईरम्मा : केळलिल्ला.

जगदेवप्पा : मत्त... पहिल्यापासून घेतो. ना वंद सल केळीनी. मत्त...

ईरम्मा : अण्णा, सावकाश. घाई न्हाई.

जगदेवप्पा : ना वंद सल केळीनी.

ईरम्मा : हं. मत्त...

जगदेवप्पा : मत्त... येत न्हाई ग.

ईरम्मा : बाई, आता ह्यांला काय म्हणू?

सुशीलाबाई : काही म्हणू नकोस. पाणी आण. पहिलं वाक्य आलंय. दुसरं अजून आलेलं नाही.